इशारा आणि लेखी कार्यपद्धती



उड्डाणात यंत्रदोषाचा इशारा झळकला, की वैमानिकाने प्रथम विमान ताब्यात ठेवावे, मग मार्ग पाहावा, त्यानंतर संपर्क साधावा, असा दंडक आहे. दोषाचा विचार विमान स्थिर झाल्यावरच करावयाचा असतो.

५ जून २००८ रोजी शिकागोच्या मिडवे विमानतळावर उतरताना ‘एक्लिप्स ५००’ हे छोटे जेट विमान अस्थिर वाऱ्यात झपाट्याने खाली येऊ लागले. वैमानिकाने थ्रॉटल जोराने पुढे रेटले आणि दोन्ही इंजिने पूर्ण शक्तीवरच अडकली. विमान पुन्हा वर नेऊन वैमानिकांनी आपत्कालीन पुस्तिका उघडली. एका इंजिनाचे नियंत्रण सुटल्यास काय करावे, हे तीत होते. दोन्ही इंजिनांचे सुटल्यास काय, हे नव्हते. त्यांनी एक इंजिन बंद केले. दुसरे मंद गतीवर आले आणि तेथेच राहिले. उतरताना टायर फुटले. पण विमानातील चौघेही सुखरूप राहिले.

१२ जूनला अमेरिकेच्या हवाई वाहतूक प्रशासनाने तातडीचा आदेश काढला. थ्रॉटलची तपासणी सक्तीची झाली आणि पुस्तिकेतील उणीवही भरून निघाली.

आपल्या कार्यालयांत, शाळांत आणि पंचायतींतही नियमपुस्तिका असतात. त्या पाळाव्यातच, परंतु एखादा नियम अपुरा पडला, तर ती उणीव विनाविलंब वर कळविणे हाही कर्तव्याचाच भाग होय.