दोन काचपट्ट्या



मी पॅथॉलॉजीचा डॉक्टर. रुग्णाची आणि माझी समोरासमोर गाठ क्वचितच पडते. तो माझ्याकडे येतो तो फॉर्मॅलिनच्या बाटलीतून, नखाएवढा तुकडा होऊन. त्या तुकड्याचे पातळ काप काढायचे, रंगवायचे आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं, हे माझं काम. शिकवतोही. दरवर्षी दुसऱ्या वर्षाच्या मुलांपुढे मी दोन काचपट्ट्या ठेवतो, लेबलं झाकून. एक असते गालाच्या आतल्या बाजूच्या कॅन्सरची, दुसरी हार्ट अटॅकने गेलेल्या माणसाच्या हृदयाच्या रोहिणीची. प्रश्न एकच: दोन्हींत सारखं काय दिसतं? मुलं चरबी शोधतात, वेड्यावाकड्या पेशी शोधतात, एकमेकांकडे बघतात. मग एखादी मुलगी हळूच म्हणते, "सर, मॅक्रोफेज दोन्हीकडे आहेत."

आज मला त्या मॅक्रोफेजबद्दलच बोलायचं आहे.

पायात बाभळीचा काटा मोडला की काय होतं, ते आपण सगळ्यांनी भोगलंय. जागा लाल होते, सुजते, रात्रभर ठणकते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथे धावून आलेल्या असतात. त्यांच्यातल्या काही रक्तवाहिनीबाहेर पडून मांसात शिरल्या की मोठ्या होतात आणि खादाड बनतात. त्याच मॅक्रोफेज. त्या जंतू गिळतात, मेलेल्या पेशी उचलतात. इंटरल्यूकिन-१ सारखी रसायनं सोडून आणखी कुमक बोलावतात. नव्या रक्तवाहिन्या फुटाव्यात म्हणून निरोप धाडतात. आणि खराब झालेलं कोलॅजन कातरणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, सोडतात. कोलॅजन म्हणजे आपल्या शरीरातलं काथ्याचं विणकाम समजा; नवं विणायचं तर जुनं उसवावं लागतं. काटा निघाला, जखम भरली, की ही मंडळी पांगतात.

आणि काटा निघालाच नाही तर?

आधी हृदयाचं बघू. कोलेस्टेरॉल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे तुंबलेली मोरी येते. आमच्या एका मावशींनी मला विचारलं होतं, "गरम पाणी प्यायलं की सुटतं का रे ते?" नाही सुटत, मावशी. ते नळीच्या पोकळीत चिकटलेलं नसतं, नळीच्या भिंतीत शिरलेलं असतं. एलडीएल नावाचे सूक्ष्म कण रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेतात. हे कण जास्त झाले, किंवा वाढलेल्या रक्तदाबाने, साखरेने, तंबाखूने भिंतीचं अस्तर दुखावलं, की ते अस्तराखाली जाऊन अडकतात. तिथे त्यांचं रासायनिक रूप बदलतं आणि शरीराच्या लेखी तो काटा होतो. मॅक्रोफेज येतात, कण गिळतात आणि गिळतच राहतात. त्यांच्या पोटात चरबीचे इतके थेंब साठतात की सूक्ष्मदर्शकाखाली त्या साबणाच्या फेसासारख्या दिसतात. आम्ही त्यांना फेसाळ पेशीच म्हणतो. काही तिथेच मरतात, त्यांच्यातली चरबी सांडते, ती खायला नव्या येतात. या सगळ्या चिखलावर शरीर कोलॅजनचं झाकण घालतं. झाकण जाड आणि पक्कं राहिलं तर माणसाला जन्मभर पत्ताही लागत नाही.

पण खालच्या चिडलेल्या मॅक्रोफेज कोलॅजन कातरणारी विकरं सोडत असतात. झाकण आतून झिजतं आणि एक दिवस फाटतं. खालचा ऐवज रक्ताला लागला की रक्ताला वाटतं जखम झाली, आणि बघता बघता गुठळी धरते. "परवाच देवदर्शनाला पायऱ्या चढून आले, काही त्रास नव्हता हो," असं घरची माणसं सांगतात ना, ते खोटं नसतं. कित्येक अटॅक अशा जागी येतात, जिथे नळी आधी फारशी अरुंद झालेलीच नसते.

आता दुसरी काचपट्टी. तंबाखूचं पान सुकवून मुरवताना त्यात नायट्रोसामाइन नावाची रसायनं तयार होतात. चिमूट गालात धरली की ती लाळेत उतरतात. पेशी ती धुऊन टाकायला बघते आणि त्या खटाटोपात त्यांचंच जहाल रूप तयार होतं, ते जाऊन डीएनएला चिकटतं. पेशी दोन होताना डीएनएची नक्कल होते, आणि चिकटलेल्या जागी अक्षर चुकतं. अशा बहुतेक चुका पेशी स्वतः दुरुस्त करते. दुरुस्ती होईपर्यंत विभाजन थांबवून धरणारं, आणि दुरुस्ती जमली नाही तर पेशीला मरायला लावणारं एक प्रथिन आहे, पी-५३. १९७९ साली ते सापडलं. विडी-सिगारेटच्या धुरातलं बेंझोपायरीन डीएनएवर नेमकं कुठे बसतं, हे १९९६ मध्ये तपासलं गेलं. ते या पी-५३च्याच जनुकात बसत होतं, आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये तो जनुक ज्या जागी बिघडलेला सापडतो, अगदी त्याच जागी. चोराने आधी पहारेकरी गाठावा तसं.

सुपारीला मात्र आपण फारच साधी समजतो. बारशाला सुपारी, बैठकीत सुपारी, जेवणावर सुपारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, २००४ मध्ये कॅन्सरकारक म्हणून जाहीर केली. सुपारीत तांबं बरंच असतं. कोलॅजनचे पेड एकमेकांना बांधणारं विकर तांब्यावर चालतं. ते जोरात चाललं की गालाच्या आत काथ्या इतका घट्ट आवळला जातो की तोंड उघडत नाही. विशी-पंचविशीतली पोरं, वडापावचा घास घेता येत नाही म्हणून दवाखान्यात येतात. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तो कसा आणि कुठे मिळतो, हे मी श्रोत्यांना सांगायला नको.

अशा गालात काटा एकदा मोडत नाही, रोज दहा-वीस वेळा मोडला जातो. मॅक्रोफेज येतात त्या जखम भरायलाच. पण "वाढा, वाढा" हा त्यांचा निरोप आता बिघडलेल्या पेशीच ऐकतात. नव्या रक्तवाहिन्यांतून त्यांनाच खुराक मिळतो. आणि कोलॅजन कातरणारी ती विकरं? गालाच्या अस्तराखाली एक पातळ पडदा असतो. तो शाबूत असेपर्यंत बिघडलेल्या पेशी वरच अडकून असतात. तो कातरला गेला की त्या खाली उतरतात, आणि मला रिपोर्टवर कॅन्सर लिहावं लागतं. हृदयाच्या नळीतलं झाकण फाडणारी कात्री तीच, इथली वाट करून देणारीही तीच.

जर्मनीतले आमच्या शास्त्राचे आद्य गुरू रुडॉल्फ विर्शो यांनी १८६३ मध्येच म्हटलं होतं की कॅन्सरच्या गाठीत पांढऱ्या पेशी उगाच आलेल्या नाहीत. रोहिणीच्या भिंतीतला दाहही त्यांनी पाहिला होता. १९८६ मध्ये हॅरॉल्ड ड्वोरॅक या अमेरिकन डॉक्टरांनी गाठीला न भरणारी जखम म्हटलं. मधली शंभर-सव्वाशे वर्षं आम्ही एक विभाग हृदयाचा, एक कॅन्सरचा, मध्ये जिना, अशीच रुग्णालयं बांधत राहिलो.

गेल्या दहा-बारा वर्षांत तर याहून नवलाची गोष्ट समोर आली. अस्थिमज्जेत रक्ताच्या पेशी बनवणाऱ्या मूळ पेशी असतात. वय वाढतं तसा त्यातल्या एखादीत टेट-२ नावाच्या जनुकासारख्या एखाद्या जनुकात बिघाड होतो, आणि तिचीच प्रजा रक्तात माजते. सत्तरीपुढच्या दहातल्या एकाहून जास्त माणसांत हे आढळतं. ही ल्युकेमियाच्या वाटेवरची पहिली पायरी, पण बहुतेकांना ल्युकेमिया कधीच होत नाही. सिद्धार्थ जैस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना २०१७ मध्ये दिसलं की अशा माणसांना हृदयविकाराचा धोका जवळजवळ दुप्पट असतो. का? कारण या बिघडलेल्या कुळातल्या मॅक्रोफेज जास्त तापट निघतात. उंदरांतले प्रयोग सांगतात की टेट-२ गमावलेल्या मॅक्रोफेज इंटरल्यूकिन-१ जास्त सोडतात.

त्याच वर्षी, हार्ट अटॅक येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक लोकांवरच्या एका चाचणीचा निकाल आला. इंटरल्यूकिन-१ अडवणारं इंजेक्शन त्यांना दिलं होतं. एलडीएल जसंच्या तसं राहिलं, तरी मधल्या मात्रेत अटॅक, पक्षाघात आणि हृदयामुळे येणारे मृत्यू मिळून १५ टक्क्यांनी घटले. आणि औषध हृदयासाठी असताना फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यूही कमी झालेले दिसले. मात्र जंतुसंसर्गाने दगावणारे वाढले, आणि पुढे खास फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी केलेल्या चाचण्यांत ते औषध यशस्वी झालं नाही. डागडुजी करणारी माणसं शहरातून हाकलून दिली तर शहर चालत नाही.

जाता जाता एक सावधगिरीची गोष्ट. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं येणारी कळलावी आपल्याला माहीत आहे. तिच्यात कोल्चिसिन असतं, गाऊटवर देतात ते. ते दाह कमी करतं, म्हणून हृदयरोग्यांत अगदी लहान मात्रेत वापरून पाहिलं गेलं. २०१९ आणि २०२० च्या चाचण्यांत फायदा दिसला, २०२४ च्या एका मोठ्या चाचणीत दिसला नाही. हे ऐकून कुणी कळलावीचा कंद उकळून पिऊ नये, त्याने माणूस मरतो. औषध आणि विष यांत मात्रेचं अंतर आहे, आणि ते अंतर घरच्या पातेल्यात मोजता येत नाही.

मग करायचं काय? काटा काढायचा.

हृदयाच्या बाजूने: रक्तदाब, साखर आणि एलडीएल मोजून घ्या. एलडीएलसाठी डॉक्टरांनी स्टॅटिन दिलं असेल तर मोबाइलवर आलेला मजकूर वाचून ते बंद करू नका. जपानच्या अकिरा एंडो यांना १९७०च्या दशकात हे औषध एका बुरशीत सापडलं. ते यकृतात कोलेस्टेरॉल बनणं कमी करतं. मग यकृत रक्तातले एलडीएलचे कण जास्त ओढून घेतं, आणि भिंतीत रुतायला काटेच कमी उरतात. छातीत दाब आला, घाम फुटला, डावा हात किंवा जबडा भरून आला, तर पित्त म्हणून सोडा पीत बसू नका. १०८ ला फोन करा.

तोंडाच्या बाजूने: आरशासमोर तोंड उघडा. स्वतःची तीन बोटं उभी एकावर एक धरून आत जातात का बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, यांतलं काहीही असेल तर दाताच्या डॉक्टरकडे जा. दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीला ते दुखतच नाही.

बायाबापड्यांनो, मशेरीही तंबाखूच आहे. आणि एक तपासणी तुमच्यासाठी: गर्भाशयमुखाची. तिथला एचपीव्ही विषाणू पी-५३ प्रथिनच नष्ट करवतो. तंबाखू पहारेकऱ्याचा जनुक मोडते, हा विषाणू थेट पहारेकऱ्याला संपवतो. बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयाच्या मंडळींनी उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यांत तीस ते एकोणसाठ वर्षांच्या सव्वा लाखाहून अधिक बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ज्या गटाला आयुष्यात एकदाच या विषाणूची तपासणी मिळाली, त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्मे होते.

शेवटी तंबाखू. "आता सोडून काय उपयोग, व्हायचं ते झालं," हे वाक्य मी फार ऐकतो. ते चूक आहे. विडी-सिगारेट सोडली की रक्ताची गुठळी धरण्याची खोड लवकर उतरते. वर्षभरात हृदयविकाराचा जादा धोका साधारण निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका निम्मा व्हायला दहाएक वर्षं लागतात, कारण डीएनएतली चुकलेली अक्षरं खोडता येत नाहीत. पण २०२० मध्ये ब्रिटिश संशोधकांना असं दिसलं की सोडलेल्या लोकांच्या श्वासनलिकेत जवळजवळ निरोगी पेशी पुन्हा पसरतात. त्यांचं प्रमाण ओढत राहिलेल्यांच्या चौपटीपर्यंत होतं. त्या पेशी कुठेतरी दडून बसलेल्या असाव्यात, धूर थांबण्याची वाट बघत.

तेव्हा पुडी फेकून देण्याआधी तिच्यावर छापलेला क्रमांक वाचा: १८००-११-२३५६. तंबाखू सोडायला मदत करणारी माणसं त्यावर बोलतात. फोन मोफत आहे.