संगणकाचा विषाणू आणि त्याची पारख



काणी रोग म्हणजे काय, हे आपल्या कोल्हापूरच्या ऊसकऱ्याला सांगावे लागत नाही. उसाच्या शेंड्यातून काळा चाबूक बाहेर पडला की तो ते बेट मुळासकट उपटून टाकतो. पण रोग रानात येतो कसा? पुष्कळदा बेण्यातूनच. कांडी वरून चांगली दिसते. आपणच ती विश्वासाने आणतो आणि आपल्याच हाताने सरीत पुरतो. संगणकाच्या रोगाचेही तसेच आहे.

संगणक हा हुकमाचा ताबेदार. ओळीने लिहिलेल्या आज्ञा, म्हणजे आज्ञावली, त्याला द्यावी आणि त्याने ती पाळावी. आज्ञा कोणाची, हे तो आपण होऊन विचारीत नाही. विषाणू ही अशीच एक आज्ञावली, माणसानेच लिहिलेली. दुसऱ्या आज्ञावलीत शिरून ती स्वतःची नक्कल करते आणि बसल्या जागी आपले काम साधते.

आरंभी यात खोडी नव्हती. १९७१ साली अमेरिकेत बॉब थॉमस यांनी ‘क्रीपर’ नावाची आज्ञावली लिहिली. ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाई आणि पडद्यावर एक ओळ उमटवी, इतकेच. तिला हुडकून काढायला रे टॉमलिन्सन यांनी ‘रीपर’ लिहिली. रोगापाठोपाठ औषध आले, ते असे.

पुढे १९८३ मध्ये फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने असा विषाणू मुद्दाम लिहून त्याचे प्रात्यक्षिक दाखविले. ‘व्हायरस’ हे नाव सुचविले त्याचे गुरू लेनर्ड एडलमन यांनी. याच कोहेनने गणिताने एक गोष्ट सिद्ध केली, ती आपण नीट ध्यानात घ्यावी. जगातला प्रत्येक विषाणू न चुकता ओळखील, अशी एकच आज्ञावली कधीच लिहिता येणार नाही! म्हणजे या रोगाला कायमचा उतारा नाही. नवा रोग आला की कोणीतरी बसून तो वाचायचा आणि त्याची खूण शोधायची.

१९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी ‘ब्रेन’ नावाचा विषाणू लिहिला. आपल्या वैद्यकीय आज्ञावलीच्या चोरट्या नकला होऊ नयेत म्हणून तो केला, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी त्यात आपले नावगावही घातले होते. तो फ्लॉपीच्या चकतीतून देशोदेशी गेला. चकत्या नेल्या कोणी? माणसांनीच, एकमेकांच्या विश्वासावर.

लाहोरच्या भावांनी रोग लिहिला. औषध लिहिणारे दोघे भाऊ आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. थोरले कैलास काटकर दहावीनंतर शाळा सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करू लागले. मग संगणकांकडे वळले. दुकानात येणारी पुष्कळ यंत्रे विषाणूने बिघडलेली असत. धाकटे संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी एकेका विषाणूवर उतारा लिहायला घेतला. १९९५ मध्ये त्यांची कंपनी नोंदली गेली. त्यांचे ‘क्विक हील’ पुढे देशभर गेले.

हा उतारा काम कसा करतो? गुरुजी वहीवर नाव नसले तरी अक्षरावरून पोरगा ओळखतात ना, तसाच. पुष्कळशा विषाणूंत आज्ञांची एखादी ठरावीक ओळ असते. संशोधक ती टिपून ठेवतो आणि उतारा प्रत्येक फाईल त्या यादीशी ताडून पाहतो. यादीत नसलेला नवा पोरगा मात्र निसटू शकतो. म्हणून यादी सारखी वाढवावी लागते. ‘अपडेट करा’ असे यंत्र वरचेवर सांगते, ते याचसाठी.

आणि हे दूरचे नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेत अशीच घातक आज्ञावली शिरली. एटीएममधून पैसे द्यावेत की नाही, या प्रश्नाला बँकेऐवजी चोरांची यंत्रणाच ‘द्या’ म्हणून उत्तर देऊ लागली. नकली कार्डांनी देशोदेशीच्या एटीएममधून पैसे निघाले, तसे आपल्या कोल्हापुरातल्या एटीएममधूनही निघाले. एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरविले. सहकारावर उभ्या असलेल्या आपल्या जिल्ह्याने ही गोष्ट विसरू नये.

मग आपण काय करावे? शिक्षकांनी शाळेच्या संगणकात परका पेन ड्राइव्ह तपासल्याशिवाय घालू नये आणि निकालपत्रकांची एक प्रत वेगळी ठेवावी. शेतकरी बंधूंनी अनुदानाच्या वा सरकारी योजनेच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले अ‍ॅप मोबाईलमध्ये उतरवू नये, मग ते पाव्हण्याने का धाडलेले असेना. त्या पाव्हण्याचा मोबाईलच रोगी असेल! पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नये. १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे.

बेणे पारखूनच लावावे, हे आपल्याला ठाऊक आहे. तीच सवय आता हातातल्या यंत्रालाही लावायची आहे.