जमिनीखालची ऊब

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन तंत्रविद्यापीठात उन्हाळ्यातली उष्णता जमिनीखालच्या पाणी धरणाऱ्या वाळूत साठवतात आणि थंडीत विहिरींतून वर काढून इमारती उबदार ठेवतात. पण ही उष्णता किती दूर पसरेल, हे आधी गणिताने काढावं लागतं. जमिनीला कड नाही, संगणक जमिनीचे चौकोन पाडून जे जाळं आखतो, त्याला मात्र कुठेतरी संपावंच लागतं. ही कड जवळ आखून बंद मानली, तर उष्णता तिथेच तुंबते आणि उत्तर चुकतं. ओल्या वाळूत नुसत्या वहनाने उष्णता पहिल्या वर्षात साधारण ५-६ मीटर सरकते; दुप्पट अंतराला चौपट वेळ लागतो. म्हणून कड दूर नेण्यासाठी विहिरीजवळचे चौकोन वीतभर ठेवतात, पुढचा प्रत्येक थोडा मोठा. मला ही युक्ती फार देखणी वाटते. मोजक्या चौकोनांत कड इतकी लांब जाते, की ३० वर्षांतही ऊब तिथे पोचत नाही.