वशिल्याचा खर्च कोणाच्या खाती?



बाजार मोकळा असताना कारखाना नावाची संस्था मुळात हवीच कशाला, हा प्रश्न रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली विचारला. प्रत्येक सौद्याला खर्च पडतो आणि तो वाचविण्यासाठी माणसे एका छताखाली आणली जातात, हे त्यांचे उत्तर. पॉल मिलग्रोम व जॉन रॉबर्ट्‌स यांनी पुढे त्याला पुस्ती जोडली. छताखाली घासाघीस संपत नाही. ती वशिल्याचे रूप घेते. ज्याच्या हाती निर्णय, त्याच्या दारी रांग. त्या रांगेत जाणारा वेळ, पैसा आणि बिघडणारे निर्णय हाही उत्पादनखर्चच होय.

गिरणगावाला हे कोणा पंडिताने शिकवावे लागले नाही. भरती जॉबरच्या हाती होती. बदलीवर कोणाला घ्यायचे हे तोच ठरवी. त्याला चारावी लागणारी लाच १९३१ च्या व्हिटले आयोगाच्या अहवालात नमूद आहे. ती कामगाराच्या खिशातून जात होती, तोवर मालकांना तो आपला खर्च वाटला नाही! अखेर १९३५ साली गिरणीमालक संघाने बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आणली. कार्डवाल्यास आधी काम, असा नियम आला आणि जॉबरच्या मर्जीला थोडा लगाम बसला. अशा नियमांना व्यवस्थापनशास्त्री ‘ताठर’ म्हणून हिणवतात. पण विमानसेवकांना मार्ग ज्येष्ठतेनुसार का वाटावेत, याचे मिलग्रोम यांनी दिलेले कारण हेच आहे: वरिष्ठाला निवडच नसेल, तर त्याची मनधरणी करण्यात कोणी वेळ दवडत नाही.

संघटनांशी वाटाघाटी करण्याचा खर्चही असाच आटोपता घेतला गेला. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका क्षेत्रातील एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना मानली. मालकाची सोय झाली. परंतु त्या संघटनेवरचा विश्वास उडालेल्या कामगाराला बोलणी करण्यास दुसरी जागा उरली नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, ते केवळ पगारवाढीसाठी नव्हे. हा कायदा रद्द व्हावा, हीही त्यांची मागणी होती.

दरम्यान मालक भिवंडीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेत होते. छाप गिरणीचा, विणकाम बाहेरचे. गिरणीची हद्दच मागे सरकली. तेथे घासाघीस नाही म्हणून कापड स्वस्त पडते, असे सांगितले जाई. घासाघीस तेथेही होती. बारा बारा तास मागापाशी उभा राहणारा कामगार ती एकट्याने करीत होता आणि तिचा खर्च कोणत्याच ताळेबंदात चढत नव्हता.