एका सर्व्हरचे दोन सर्व्हर

पंधरा-वीस माणसांचं ऑफिस, कोपऱ्यात जुना सर्व्हर, आणि हिशेब, फायली, सगळ्यांचं लॉगिन त्या एकावरच. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ असेल, तर त्याची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १० ऑक्टोबर २०२३ नंतर बंद झाली आहे.

नवं मशीन घेतलंत, तर त्याच्या पोटात दोन व्हर्च्युअल मशीन मांडा. मूळ मशीनवर फक्त हायपर-व्ही, म्हणजे ही व्हर्च्युअल मशीन चालवणारी विंडोजची सोय. पहिल्यावर लॉगिन सांभाळणारा डोमेन कंट्रोलर, दुसऱ्यावर फायली आणि हिशेब. हिशेबाचं सॉफ्टवेअर अपडेट करताना मशीन बंद-चालू करावं लागलं, तरी लॉगिन अडत नाही. विंडोज सर्व्हरच्या एका स्टँडर्ड परवान्यात अशी दोनच मशीन बसतात. तिसऱ्याचा विचार असेल, तर परवान्याचा खर्च आधीच विचारून घ्या.

प्रोसेसर सगळ्यांना वाटून वापरता येतो, मेमरी मात्र सहसा दिली की अडकते. ३२ जीबी असेल, तर मूळ मशीनला ४, डोमेन कंट्रोलरला ४, फायली-हिशेबाला १६, आणि उरलेली ८ मोकळीच राहू द्या. लोक पहिल्याच दिवशी सगळी वाटून टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं. डिस्क एसएसडीच घ्या.

आणखी एक. चेकपॉइंट, म्हणजे व्हर्च्युअल मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती, हा बॅकअप नव्हे. तो सहसा त्याच डिस्कवर असतो. डिस्क गेली की तोही गेला. बॅकअप वेगळ्या डिस्कवर, एक प्रत ऑफिसबाहेर, आणि महिन्यातून एकदा त्यातून एखादी फाइल खरोखर परत काढून बघा.