व्हिसा संपला, मुक्काम नाही

२०२५ सालच्या रमजान ईदच्या दोन दिवस आधीची गोष्ट. इफ्तार उरकून मी नमाजला निघण्याच्या बेतात होतो, एवढ्यात गावाहून थोरल्या भावाचा फोन आला. आमचं गाव चिपळूणजवळ, खाडीकाठी. भाई आता पंचाहत्तरीला आले आहेत. आवाज एरवी खणखणीत, पण त्या दिवशी अगदी खाली गेलेला. म्हणाले, ‘‘पोराचा व्हिसा संपलाय. आठ महिने झाले. आपल्याला बोलला नाही तो.’’

पोर म्हणजे माझा पुतण्या. अमेरिकेत न्यू जर्सीत संगणकाच्या कामावर आहे. जमिनीच्या वाटणीसाठी त्याचं मुखत्यारपत्र हवं होतं, म्हणून वकिलांनी त्याच्या पासपोर्टच्या प्रती मागवल्या होत्या. त्यात व्हिसाचं पानही आलं. भाईंनी चष्मा लावून तारीख वाचली, जुलै २०२४. आणि आपण वाचत होतो मार्च २०२५ मध्ये!

त्यांना घाम का फुटला, हे समजायला दोन गोष्टी ठाऊक हव्यात. एक म्हणजे त्याच वर्षी ५ फेब्रुवारीला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं होतं. त्यांत तिघे महाराष्ट्रातले होते. बेड्या घातलेली माणसं भाईंनी टीव्हीवर पाहिली होती. दुसरी गोष्ट अशी, की भाईंनी बावीस वर्षं सौदीत दम्मामला नोकरी केली. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, आपल्या खिशात. आमच्या कोकणात या सगळ्याला मिळून एकच शब्द आहे, ‘व्हिसा’. व्हिसा मिळाला म्हणजे नोकरी मिळाली, व्हिसा संपला म्हणजे सामान बांधा. संपूनही राहिलात तर पोलीस.

रात्री मी पुतण्याला फोन लावला. तिकडे दुपार होती, शनिवारची सुट्टी होती. तो हसलाच. म्हणाला, ‘‘चाचा, व्हिसा संपलाय, माझा मुक्काम नाही संपला. बाबांना सांगा, ही तारीख आत येण्याची असते, राहण्याची नसते.’’

मी बी. ए. झालेला माणूस, तोही मराठी घेऊन. कायद्याशी माझा संबंध घरपट्टीपुरता. पण शब्दांशी माझा जुना संबंध आहे आणि इथे एका शब्दात दोन अर्थ कोंबले गेलेत हे माझ्या लक्षात आलं. म्हणून त्याला म्हटलं, नीट समजावून सांग. त्याने जे सांगितलं आणि पुढे मी विचारून-वाचून जे पक्कं केलं, ते आज आपल्यापुढे ठेवतो. कारण आज महाराष्ट्रात अशी गल्ली क्वचितच असेल, जिथलं कुणी तिकडे नाही.

व्हिसा देतं अमेरिकेचं परराष्ट्र खातं, आपल्याकडच्या त्यांच्या वकिलातीतून. तो पासपोर्टच्या पानावर चिकटवला जातो. त्याचा अर्थ एवढाच, की या तारखेपर्यंत तुम्ही अमेरिकेच्या विमानतळावर जाऊन ‘मला आत घ्या’ असं म्हणू शकता. दाराची कडी वाजवायची ती परवानगी आहे. दार उघडायचं की नाही आणि पाहुण्याचा मुक्काम किती, हे दारात उभा असलेला माणूस ठरवतो. तो परराष्ट्र खात्याचा नसतो, सीमा तपासणीचा अधिकारी असतो. त्याचं खातंही वेगळं, गृहसुरक्षेचं. तो जी नोंद करतो तिचं नाव ‘आय-९४’. कोणत्या प्रकारात आत घेतलं आणि कोणत्या तारखेपर्यंत राहू दिलं, हे तिच्यात असतं. मुक्कामाची तारीख ती.

म्हणजे व्हिसा मेलेला आणि मुक्काम जिवंत, असं होऊ शकतं. माझ्या पुतण्याचं तेच होतं. त्याचा एच-१ बी, म्हणजे नोकरदारांचा प्रकार. त्यात एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षं आणि साधारणपणे एकूण सहा वर्षं राहता येतं. पहिली मुदत संपायच्या आधीच कंपनीने वाढ मागितली आणि मार्च २०२४ मध्ये ती मंजूर झाली, जुलै २०२७ पर्यंत. ही वाढ अमेरिकेत बसून मिळते. पासपोर्टवरचा व्हिसा मात्र नव्याने चिकटवून घ्यायचा, तर बहुधा देशाबाहेरच्या वकिलातीतच जावं लागतं. २००४ पर्यंत नोकरदारांना तो तिथल्या तिथे टपालाने नवा करून मिळे. पुढे बोटांचे ठसे घेणं सक्तीचं झालं आणि ती सोय बंद पडली. २०२४ च्या सुरुवातीला वीस हजार अर्जांपुरता एक प्रयोग पुन्हा झाला, तेवढाच. त्यामुळे संपलेला व्हिसा पासपोर्टात घेऊन अगदी कायद्याने राहणारी माणसं तिकडे पुष्कळ आहेत.

याच्या उलटही होतं आणि ते जास्त घातक आहे. मुलीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आईवडिलांना पर्यटकाचा व्हिसा बहुधा दहा वर्षांचा मिळतो. पेढे वाटले जातात. ‘आता दहा वर्षं काळजी नाही.’ पण ही दहा वर्षं कडी वाजवण्याची. दार उघडल्यावर मुक्काम मिळतो साधारण सहा महिन्यांचा. तो संपला, वाढीसाठी वेळेत अर्ज केला नाही आणि नातवाच्या पायात पाय अडकून तिथेच राहिलं, तर व्हिसावरची तारीख आठ वर्षं लांब असली तरी उपयोग नाही. मुक्कामाची तारीख ओलांडली की तो व्हिसाच रद्द समजला जातो.

एवढं सगळं समजल्यावर मी पुतण्याला सहज म्हणालो, ‘‘बाबांची खात्री पटावी म्हणून तुझ्या त्या आय-९४ चा कागद तेवढा पाठव.’’

पूर्वी हा खरोखर कागद होता. पांढरं कार्ड पासपोर्टात टाचून देत आणि त्यावर तारीख असे. २०१३ पासून विमानाने येणाऱ्यांसाठी ते कार्ड बंद झालं. नोंद संगणकात होते, आपली आपण संकेतस्थळावर जाऊन पाहायची. हल्ली अनेक ठिकाणी पासपोर्टवर शिक्काही मारत नाहीत. म्हणजे जी तारीख नुसती शोभेची ती पासपोर्टवर छायाचित्रासकट छापलेली आणि जिच्यावर सगळं अवलंबून ती डोळ्यांआड.

पुतण्याने फोन चालू ठेवूनच ती नोंद उघडली. मग पलीकडे कुणी बोलेना. मी दोनदा ‘हॅलो’ म्हटलं. तो म्हणाला, ‘‘चाचा, इथे जून २०२५ लिहिलंय.’’

जुलै २०२७ नाही, जून २०२५. म्हणजे अडीच महिने उरलेले.

झालं होतं ते असं. मे २०२४ मध्ये तो बहिणीच्या निकाहला आला होता. वाढीचा कागद हातात होता आणि जुना व्हिसा जुलैपर्यंत चालू होता, म्हणून त्याच व्हिसावर जूनच्या पहिल्या आठवड्यात परत गेला. त्या वेळी त्याचा पासपोर्ट जून २०२५ मध्ये संपणार होता. पासपोर्टच्या मुदतीपलीकडे मुक्काम देत नाहीत. अधिकाऱ्याने तीच तारीख घातली. हा तिथून सामान घेऊन घरी गेला. पुढे पासपोर्ट नवा केला आणि सगळं ठीक आहे असं समजला. पण पासपोर्ट नवा केला म्हणून मुक्कामाची तारीख आपोआप पुढे सरकत नाही. आणि मंजुरीच्या कागदावर काहीही असो, नंतर देशात शिरताना जी तारीख पडली तीच धरून चालावं लागतं.

भाईंची शंका चुकीची होती, पण भीती अनाठायी नव्हती. त्यांनी चुकीच्या तारखेवर बोट ठेवलं नसतं, तर बरोबर तारीख आम्ही पाहिलीच नसती. माझा पुतण्या कर भरत, पगार घेत, स्वतःला कायदेशीर समजत दोन वर्षं बेकायदा राहिला असता. तिथला १९९६ चा कायदा असा आहे, की १८० दिवसांपेक्षा जास्त बेकायदा राहून देश सोडला तर तीन वर्षं प्रवेशबंदी. एक वर्ष किंवा त्याहून जास्त राहून सोडला तर दहा वर्षं. म्हणजे एखाद्या ईदला आईवडिलांना भेटायला तो निघाला असता आणि पुढची दहा वर्षं त्याच्यामागे दार बंद झालं असतं.

सुदैवाने वेळ होता. कंपनीच्या वकिलांनी एप्रिलमध्येच मुदतवाढीचा अर्ज टाकला. जादा फी भरली की कामकाजाच्या १५ दिवसांत निर्णय कळतो. तारीख संपण्याआधी असा अर्ज केलेला असला, तर निर्णय येईपर्यंत त्याच कंपनीत २४० दिवस काम करता येतं. तशी वेळ आली नाही. मे महिन्यात मंजुरी आली, जुलै २०२७ पर्यंतची. त्या कागदाच्या तळाशी नवा आय-९४ होता. भाईंनी त्याची प्रत काढून कुराणशरीफच्या शेजारच्या फळीवर ठेवली आहे.

आपल्यापैकी ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी त्यांना चार गोष्टी विचाराव्यात. प्रत्येक वेळी अमेरिकेत उतरल्यावर आय-९४ काढून पाहिला का? त्यावरचं नाव, प्रकार आणि तारीख मंजुरीच्या कागदाशी जुळते का? पासपोर्ट कधी संपतो? आणि नोकरी शाबूत आहे ना? कारण नोकरी गेली तर मुक्कामाची तारीख दोन वर्षं पुढची असली तरी हातात साधारण ६० दिवसच उरतात. २०१७ पासून तसा नियम आहे. तेवढ्यात दुसरी नोकरी शोधायची, प्रकार बदलून घ्यायचा किंवा परतायचं. विद्यार्थ्यांच्या नोंदीवर वर्षानुवर्षे तारखेऐवजी ‘डी/एस’ ही अक्षरं लिहिली जात आली. शिक्षण नियमाप्रमाणे चालू आहे तोवर राहा, असा त्याचा अर्थ. ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सरकारने ही पद्धत मोडून ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव मांडला. म्हणून विद्यार्थ्यांनी आपल्या विद्यापीठात विचारत राहिलेलं बरं.

आता मी कविता करणारा माणूस, म्हणून शब्दांविषयी एक बोलतो. मुदत, मुक्काम, परवाना हे शब्द अरबी-फारसीतून आपल्याकडे आले. दारात त्यांना कुणी तारीख विचारली नाही. ते राहिले, मराठी झाले. माणसांच्या नशिबात ते सुख नसतं. माणसाला दोन तारखा सांभाळाव्या लागतात, एक दाराची आणि एक मुक्कामाची.

आणि मुक्काम सुरक्षित झाला म्हणून दार उघडं राहतं असंही नाही. पुतण्या २०२७ पर्यंत तिकडे राहू शकतो. पण एकदा गावी आला, तर नवा व्हिसा चिकटवून घेतल्याशिवाय परत जाता येत नाही. कॅनडा-मेक्सिकोची ३० दिवसांच्या आतली फेरी संपलेल्या व्हिसावरही चालते. चिपळूणची नाही. २०२५ च्या डिसेंबरात तो येणार होता. मुलाखतीची वेळ ठरली होती, तिकीट काढलं होतं. त्याच महिन्यात या प्रकारातल्या अर्जदारांचा समाजमाध्यमांवरचा वावर तपासण्याचा नियम लागू झाला आणि भारतातल्या अनेकांच्या मुलाखती पुढच्या वर्षावर गेल्या. त्यात त्याचीही गेली. आला असता तर महिनोन्‌महिने इथेच अडकला असता, आणि नोकरी कुणाची थांबत नाही.

तिकीट रद्द केल्याचं मी भाईंना सांगायला गेलो. ते ओटीवर बसले होते. त्यांनी मला १९८६ सालची आठवण करून दिली. आमची आई गेली तेव्हा भाई दम्मामला होते. पासपोर्ट मालकाकडे, देश सोडायला मालकाची संमती आणि परतीच्या परवान्याचा शिक्का हवा. ते पोचले नवव्या दिवशी. दफन झालं होतं, जियारतही होऊन गेली होती.

भाई म्हणाले, ‘‘मला तिथून निघायची परवानगी लागायची. याला परत शिरायची लागते.’’ थोडा वेळ ते खाडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘त्याला सांग, सावकाश ये. माझी तब्येत बरी आहे.’’

मी त्याला तसंच सांगितलं. भाईंना रात्री खोकला येतो, हे सांगितलं नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)