आपल्या परसातील खाडी

मुलुंडहून घाटकोपरकडे येणाऱ्या आगगाडीत डाव्या हाताच्या खिडकीशी जागा मिळण्याचे भाग्य आपणांपैकी पुष्कळांच्या वाट्यास अधूनमधून येत असेल. भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी ही स्थानके एकामागून एक मागे पडतात, आणि आपण वर्तमानपत्रात किंवा हातातील फोनमध्ये डोके खुपसून बसलेले असतो. त्या खिडकीतून दिसणाऱ्या इमारतींच्या पलीकडे, फार तर मैल-दोन मैलांवर, समुद्राचा एक लांब हात थेट ठाण्यापर्यंत आत शिरलेला आहे, याची आठवण कितीजणांस होत असेल? मला तरी कित्येक वर्षे झाली नव्हती. घरातील माणसांनी पुढच्या दारी रांगोळी काढावी आणि परसात काय आहे याची वास्तपुस्तही करू नये, तसे आम्हा उपनगरवासीयांचे या खाडीशी वर्तन आहे. गेल्या फाल्गुनात एक दिवस आम्ही ते परस पाहावयास गेलो. त्या दिवसाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

खाडीची सफर ठरवायची म्हणजे घड्याळाच्या आधी पंचांग पाहावे लागते. आपल्या किनाऱ्यावरील कोळी बांधवांचा एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ साधारणपणे कळते. आम्ही शुद्ध दशमी निवडली होती. दहाची पाऊणपट साडेसात. तेव्हा सकाळी साडेसातच्या सुमारास खाडी काठोकाठ भरावयाची आणि मग ओहोटी लागावयाची. भरती पूर्ण असताना गेले तर सगळीकडे पाणीच पाणी, आणि ओहोटी पुरती झाल्यावर गेले तर नाव चिखलात रुतावयाची. या दोहोंच्या मधली वेळ साधणे हीच या सहलीची सारी विद्या होय.

मुलुंडहून पूल ओलांडून आम्ही पूर्वतीरावरील ऐरोलीस पोहोचलो. तेथे वनखात्याचे किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे आणि तेथूनच नावा सुटतात. साडेआठाच्या सुमारास आमची नाव एका अरुंद ओहोळातून निघाली. दोन्ही बाजूंस तिवरांची दाट हिरवी भिंत. गाळात हवा खेळत नाही, म्हणून या झाडाने आपली मुळे जमिनीतून उलट वर काढलेली. काठावर कोणी हजारो पेन्सिली टोके वर करून रोवून ठेवाव्यात तशी ती दिसत होती. झाडाचा श्वास या मुळांवाटे चालतो. नाखव्याने हात लांबवून एक पान तोडले आणि नावेतील एका लहान मुलाच्या हाती देऊन म्हटले, “चाटून बघ.” मुलाने चाटले आणि तोंड वाकडे केले. पान खारट होते. शोषलेल्या खाऱ्या पाण्यातील मीठ तिवर पानांवाटे बाहेर टाकतो, हा वनस्पतिशास्त्रातील धडा त्या मुलास पुस्तकावाचून मिळाला. खाली ओल्या चिखलात निवट्या उड्या मारीत होत्या. मासा असून पाण्याबाहेर चालणारा हा प्राणी पाहून मोठी माणसेही क्षणभर मुलांसारखी ओरडली. याच झाडीत कोल्हेही राहतात. दिवसा ते आम्हांस दिसले नाहीत. पण चिखलात उमटलेली त्यांची पावले नाखव्याने दाखविली.

ओहोळ संपला आणि नाव एकदम मोठ्या पाण्यात आली. मागे पारसिकचा डोंगर, समोर पश्चिमेस मुलुंड-भांडुपच्या गगनचुंबी इमारती, आणि मध्ये हे विस्तीर्ण, करडे, संथ पाणी. एके काळी ही मोठी वहिवाटीची जलवाट होती. शिलाहारांच्या काळी ठाणे हे नामांकित बंदर होते. १८५३ साली आगगाडी बोरीबंदराहून ठाण्यास आली, १८५४ साली खाडी ओलांडून कल्याणास गेली, आणि हळूहळू माणसांची तोंडे रुळांकडे वळली ती वळलीच. आज उत्तरेस एका चिंचोळ्या वाटेने ही खाडी उल्हास नदीशी जोडलेली आहे, आणि दक्षिणेस वाशीच्या पुलांखालून जाऊन ती मुंबई बंदराच्या विशाल पाण्यास मिळते.

दहा वाजण्याच्या सुमारास पाणी उतरू लागले आणि चिखलाच्या पाठी उघड्या पडू लागल्या. शेकाटे आपल्या लांब तांबड्या पायांनी तेथे फिरू लागले. राखी बगळे जागच्या जागी उभे राहिले. दूरवर पाण्याच्या कडेला गुलालाची एक रेघ ओढल्यासारखे काही दिसत होते. होळीस पाच दिवस होते, तेव्हा ही उपमा सुचण्यास फारसे कवित्व लागले नाही. नाव जवळ गेली आणि त्या रेघेस पाय फुटले, माना फुटल्या. ते रोहित पक्षी होते, ज्यांस अग्निपंख असेही म्हणतात. नाखव्याने यंत्र बंद केले. हजारो पक्षी माना खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाण्यातून चालले होते, आणि त्यांच्या सामूहिक पुटपुटण्याखेरीज दुसरा आवाज नव्हता.

यांतील बहुसंख्य धाकटे रोहित. त्यांचे मुख्य अन्न म्हणजे पाण्यातील सूक्ष्म नीलहरित शैवाल. चोचीच्या आतील बारीक चाळणीने ते पाणी गाळतात व शैवाल पोटात घेतात. त्यांचा गुलाबी रंग याच अन्नातून येतो. पिले करड्या रंगाची असतात आणि पुढे काही वर्षांनी रंगतात. हिंदुस्थानात यांची वीण मुख्यतः कच्छच्या रणात होते. मुंबईच्या पाण्यावर ते मोठ्या संख्येने येऊ लागले ते १९९० नंतरच्या काळात; साधारण नोव्हेंबरात यावे आणि पावसाळ्याच्या तोंडावर जावे असा त्यांचा क्रम, आणि अलीकडे काही वर्षी त्यांची गणना लाखाच्या वर गेलेली आहे.

आमच्या नावेतील एका बाईंनी मघापासून नाकास पदर लावला होता. त्यांनी विचारले, “नाखवा, हा वास कसला हो?”

नाखवा वयस्क होता. तो शांतपणे म्हणाला, “ताई, हा तुमच्या-माझ्या घरचाच वास. पलीकडच्या सगळ्या मोऱ्या इथंच येतात.”

नाव काही वेळ अगदी निःशब्द झाली. उत्तर बोचरे होते, परंतु खरे होते. भांडुप व घाटकोपर येथील केंद्रांत काही प्रक्रिया करून उपनगरांचे मैलापाणी याच खाडीत सोडले जाते. पुष्कळसे नाल्यांवाटे तेवढ्याही संस्कारावाचून येते. आणि यातील आश्चर्य असे की, पक्षितज्ज्ञांच्या मते, या मैल्यातील पोषक द्रव्यांमुळेच येथे शैवाल माजले आणि त्या शैवालामुळे रोहित आले. ज्या गुलाबी वैभवाकडे आम्ही टक लावून पाहात होतो, ते आमच्याच सांडपाण्यावर पोसलेले होते. याचा अभिमान धरावा असे काही त्यात नाही. रोहितास मानवलेले पाणी माशांस मानवतेच असे नाही. “माझ्या बापाच्या जाळ्यात इथं जिताडा लागायचा,” नाखवा पुढे म्हणाला, “आता महिना जातो, तोंड दिसत नाही.” आणि पाण्यातील घाण आणखी वाढली, तर ज्या शैवालावर पाहुणे आले तेच बिघडून पाहुणेही उठून जातील.

कायद्याने या खाडीकडे दुर्लक्ष केले आहे असे मात्र म्हणता येणार नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रुझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि अर्धे शहर बुडाले. भरतीचे व पुराचे पाणी सामावून घेणाऱ्या दलदलीची किंमत तेव्हा आपणांस कळली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यात तिवरांची तोड करण्यास मनाई केली. २०१५ साली खाडीचे सुमारे १,६९० हेक्टर क्षेत्र रोहितांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाले, आणि २०२२ साली जगातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत ठाणे खाडीचे नाव गेले. महाराष्ट्रातून नांदूर-मध्यमेश्वर व लोणार यांच्यानंतरचे हे तिसरेच नाव होय.

परंतु पक्ष्यास अभयारण्याची सीमा वाचता येत नाही. भरतीने चिखल बुडाला, की हे थवे नेरूळच्या बाजूच्या उथळ तळ्यांवर जाऊन बसतात आणि ओहोटी लागली, की परततात. म्हणजे त्यांस दोन घरे लागतात. त्यांतील एक राखून दुसरे भरून काढले, तर पहिल्याचाही उपयोग उरत नाही. त्यांची आकाशातील वाटही मोकळी राहिलेली नाही. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरच्या आकाशात उतरणाऱ्या एका विमानाची व रोहितांच्या थव्याची टक्कर झाली आणि तीसांहून अधिक पक्षी पंतनगरच्या परिसरात मरून पडले. घाटकोपरच्या पुष्कळ रहिवाशांनी रोहित प्रथम पाहिला तो त्या रात्री, आपल्या गल्लीत, आणि तोही मेलेला. जिवंत पाहावयास त्यांस तीन-चार मैलच जावे लागले असते.

पाणी आणखी उतरले, तसे नाखव्याने यंत्र सुरू केले. दक्षिणेकडे वाशीचे पूल धूसर दिसत होते. त्यापलीकडे बंदर, घारापुरी आणि मग उघडा समुद्र. तिकडे तोंड करून क्षणभर थांबून आम्ही परत फिरलो. दुपार केंद्रातील प्रदर्शन पाहण्यात गेली, आणि दिवेलागणीस मी घरी पोहोचलो.

पाय धुण्यासाठी मोरीत गेलो. पायांवरील खाडीचा करडा चिखल पाण्याबरोबर जाळीतून खाली गेला, आणि तो कोठे निघाला आहे हे मला त्या दिवशी प्रथमच ठाऊक होते. कोपऱ्यात कसल्याशा रसायनाची बाटली अर्धी भरून पडली होती. ती त्याच मोरीत रिकामी करण्याचा माझा गेल्या आठवड्याचा बेत होता. तो मी रहित केला. श्रोतेहो, ही काही मोठी कर्तबगारी नव्हे. पण आपण सर्वांनी एकदा तिथीची पाऊणपट करून हे परस पाहून यावे, एवढीच माझी विनंती आहे. मोरीचे दुसरे टोक एकदा पाहिलेल्या माणसास ती पुन्हा पूर्वीसारखी वापरता येत नाही, असा निदान माझा तरी अनुभव आहे.